पांगुळगाड्याला घंटी

तो शब्द खिडकीतून आत आला तेव्हा पुंजाजी अजून हसतच होता. दोस्त आताच उठून बाहेर पडले होते आणि त्यांच्या शेवटच्या थट्टेचं हसू त्याच्या तोंडावरून पुरतं उतरलं नव्हतं. बाहेर सायकली स्टँडवरून काढल्याची खडखड झाली. मग किसनसिंगचा आवाज आला. या किसनसिंगला जन्मात हळू बोलता आलं नव्हतं. तांड्यावरून हाक मारली तर ती पलीकडच्या शेतात ऐकू जावी असा त्याचा गळा. तोच गळा आज दबून बोलत होता, "हसवत राहा लागते रे त्याले. सायकल तं काई आता होत नाई बिचाऱ्याच्यानं." हबीब नुसता "हूं" म्हणाला. मग दोन सायकली दर्ग्याच्या उताराकडे निघून गेल्या, आणि उतार लागल्यावर पायडल थांबवलं की मागचं चाक जसं टिकटिकतं तसं त्या टिकटिकत गेल्या. पुंजाजीचा उजवा पाय आपसूक खाली दाबला गेला. तिथे पायडल नव्हतं, सारवलेली जमीन होती. मांडीत आरपार कळ गेली आणि तोंडावरचं हसू तसंच अडकून राहिलं. ते कसं पुसावं हे त्याला समजेना. बिचारा! त्याला आजवर लोकांनी चोर म्हटलं होतं, राक्षस म्हटलं होतं, एका म्हातारीने तर मेल्या, तुझ्या हाताला किडे पडोत म्हणून बोटं मोडली होती. पण बिचारा कोणी म्हटलं नव्हतं.

तो उभा होता पांगुळगाड्यात. त्या पांगुळगाड्याचीही गंमतच होती. नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीचं हाड फोडून आत लोखंडी सळई घातली, टाके काढले, आणि घरी पाठवताना सांगितलं की सुताराकडून आधाराला चाकांची लाकडी चौकट करून घ्या, कमरेएवढी उंच, तिला धरून चाला. हे सगळं मंगरूळच्या लखमा सुताराला पुंजाजीच्या बायकोने, सोजरबाईने समजावून सांगितलं. लखमाने मान हलवली. चाकं लावलेलं, धरून चालायचं, लाकडी, म्हणजे पांगुळगाडा. त्याने आयुष्यात शेकडो केले होते. तेव्हा त्याने तोच केला, फक्त मोठा. तीन चाकं लावली, लाल-हिरवे पट्टे ओढले, पुढच्या दांडीवर पोपट बसवला, आणि चाक फिरलं की टकटक वाजणारी लाकडी पट्टीसुद्धा विसरला नाही, कारण पांगुळगाडा म्हटला की तो वाजला पाहिजे. पुंजाजीने तो पाहिला आणि अंगाचा तिळपापड झाला. "हा पोपट काढ," तो ओरडला. लखमा खरोखरच दुखावला. "पोपटाबिगर कसा दिसन तो, भाऊ?" म्हणाला. पोपट राहिला. टकटकही राहिली. पुंजाजी मोरीपर्यंत गेला तरी साऱ्या आळीला कळू लागलं.

दोस्तांना आयतं कोलीत मिळालं. पहिल्याच संध्याकाळी हबीबने गाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्याचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि खिशात सदा स्क्रू पिळायचा पेचकस. चाकं दाबून पाहिली, पोपटाची चोच पाहिली, आणि गिऱ्हाईकाला सांगावं तशा गंभीर तोंडाने तो म्हणाला, "गाडी मजबूत आहे, लेकिन टॅक्साचा बिल्ला कुठं हाये? नगरपालिका पकडन." किसनसिंग म्हणाला, "आता आपला मुलूख मुंबईले जोडला ना बे. याचा बिल्ला मुंबईहूनच येईन." "अन् दिवा?" "दिवा नाही, ब्रेक नाही. मोरीच्या वळणावर सोजरभाभीले ठोकर देल्ली तं?" मग मांडीतल्या सळईवर गाडी आली. हबीबचं म्हणणं, डॉक्टरने मडगार्डची सळी वापरली असणार, पावसाळ्यात गंजेल, तेव्हा दर महिन्याला मांडीत तेल सोडत जा. पुंजाजी हसून हसून इतका लोळला की जखम पुन्हा उकलेल म्हणून सोजर पदर खोचून धावत आली. दुसऱ्या दिवशी हबीबने खरंच घंटी बसवली. घंटी नवी नव्हती. आढ्याला दोरांनी टांगून ठेवलेल्या पुंजाजीच्याच सायकलीची त्याने स्टुलावर चढून काढली आणि पोपटाच्या शेजारी कसली. तेव्हा पुंजाजीला ते गमतीचं वाटलं होतं. आता खिडकीखाली उभा राहून तो वर बघत होता. बिनघंटीची सायकल अधांतरी लटकत होती, हँडलवर एक रिकामी खूण होती.

म्हणजे हे सगळे दिवस ते त्याला हसवत होते. आजारी पोराला खुळखुळा वाजवून दाखवतात तसं. संध्याकाळी हबीब दुकान बंद करून आणि किसनसिंग मलेरियाच्या फवारणीचे सरकारी पंप जमा करून, असे ते येत, घंटा-दीड घंटा त्याची टर उडवत, आणि बाहेर पडल्यावर सुस्कारा टाकत असणार. त्याने एकेक थट्टा आठवून पाहिली आणि तिच्यामागे सुस्कारा ऐकू येतो का ते तपासलं. बिल्ल्याच्या थट्टेत नव्हता. सळईच्या थट्टेत? किसनसिंग तेव्हा हसला होता, पण खाली बघत हसला होता. आता नक्की काही सांगता येईना, आणि ते सांगता येत नाही याचा त्याला सगळ्यांत जास्त संताप आला. किसनसिंगने दुसऱ्या कोणाचीही कीव करावी. त्याची करायची नाही. कामरगावच्या रस्त्यावर, नाल्याच्या उतारावर, "देवीवाल्या, तुह्या सायकलीत दम नाई," असं कोण म्हणालं होतं? दसरा होऊन गेला होता, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, एकाच्या पाठीला डीडीटीचा पंप आणि दुसऱ्याच्या हँडलला लशीचा डबा. दोन्ही सरकारी नोकर, आणि पोरांसारखे उतारावरून सुटले. पुंजाजी पुढे होता. हे तो मरेपर्यंत सांगणार होता, की गाय आडवी आली तेव्हा मी पुढे होतो. मग आभाळ फिरलं आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. वाळकी तुराटी मोडावी तसा, अगदी साधा. किसनसिंगने पागोटं फाडून पाय बांधला, दोन्ही बाजूंनी तुराट्या लावल्या, कोणाची तरी बैलगाडी आणली, आणि कामरगाव येईपर्यंत तो एक क्षण गप्प बसला नाही. "हँडल वाकडं झालं बे तुह्या सायकलीचं. तुले काई नाई झालं, पण हँडल पाह्य. गाईले का सांगू? ते रडून राह्यली." दर खड्ड्याला पुंजाजीच्या डोळ्यांपुढे काळोख येई आणि दर खड्ड्याला तो आवाज त्याला धरून वर काढी. त्या आवाजाला तेव्हा माहीत नव्हतं की हा बिचारा आहे. किंवा माहीत होतं, आणि तो तेव्हापासूनच खोटं हसत होता. हा विचार मनात आला तशी पुंजाजीने गाड्याची दांडी इतकी आवळली की पोपट हलला.

"कोनाशी भांडून राह्यले?" सोजर चुलीपाशी बसून म्हणाली. तिच्याकडे पाठ असली तरी तिला कळायचं.

"कोनाशीच नाई."

"मंग बसून भांडा. उभे राहून राहून पाय सुजते नाई तं."

तो देवीवाला होता. गावोगाव, तांड्यातांड्यांवर सायकलीने जायचं आणि लेकरांच्या दंडावर देवी टोचायच्या, हे त्याचं काम. त्याची सायकल पांदणीत दिसली की पोरं बोंबलत पळत. बाया त्यांना कणगीत लपवत, कापसाच्या ढिगात पुरत, आणि वरून तोंड वर करून सांगत की आमच्या घरी लेकरूच नाही. मग ढीग शिंकायचा. पोहरादेवीच्या वाटेवरच्या एका तांड्यात लखीराम नाईकाच्या घरात त्याने पलंगाखालून, माळ्यावरून आणि बैलाच्या गव्हाणीतून इतकी पोरं बाहेर काढली होती, की नाईक स्वतःच चकित होऊन म्हणाला, एवढी माझीच का? त्या भीतीचा पुंजाजीला कधी राग आला नव्हता. उलट त्याची छाती फुगायची. जिथे तो टोचून गेला तिथे देवीची साथ हात हलवत परत जायची; मग पोरांनी राक्षस म्हटलं तर म्हणू द्यावं. आणि आता आळीतली पोरं टकटक ऐकून ओसरीवर येऊन बसत. पोपटाला हात लावत. एका शेंबड्या पोरीने तर परवा त्याची दांडी धरून त्याला चालायला मदत केली होती, आणि वर "शाबास" म्हणाली होती. कोणी भीत नव्हतं. जगात त्याला आता कोणी भीत नव्हतं. अकोल्याच्या साहेबांनी सांगूनच ठेवलं होतं, की सायकल चालवता येत नसेल तर फिरतीवर दुसरा माणूस घालू, याला दवाखान्यात बसून पट्ट्या गुंडाळू दे. बसून. पट्ट्या. गुंडाळू दे.

आणि दादाला त्याने काय सांगितलं होतं? थोरला भाऊ रामराव, शेलूच्या शेतावरचा, मनाने वाईट नव्हता. तो येऊन खाटेच्या कडेला बसला, आढ्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "पुंजा, ते टांगून काय कामाची? पोट्टं शाळेत जाईन तिच्यावर. संक्रांतीच्या करीले गाडी घेऊन येतो." पुंजाजीने मान हलवली. होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुसती मान हलवली, ती कशीही घ्यावी. त्या वेळी वाटलं होतं की संक्रांत लांब आहे. सोजर चुलीपाशी सारं ऐकत होती, आणि त्या दिवशी भाकरी करपली. आता संक्रांत आजच झाली होती. दाराच्या चौकटीवर हळदीकुंकवाची बोटं ओली होती आणि ताटलीत तिळगूळ उरला होता. म्हणजे कर उद्याच होती. त्याने मनात दोनदा हिशेब घातला आणि दोन्ही वेळा तोच आला. रात्री त्याने आढ्याकडे न बघता झोपायचं ठरवलं, आणि बघतच पडून राहिला.

करीच्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तसा ओसरीवर गलका झाला. पुंजाजी दारापर्यंत टकटकत आला तर समोर किसनसिंग, डोक्यावर टोपलं. मागे हबीब, हातात काळी घोंगडी. आणि त्यांच्या मागे आळीतली झाडून सारी पोरं. किसनसिंग आपल्या नेहमीच्या गळ्याने ओरडला, "सोजरभाभी, औक्षणाचं ताट काढा! पोट्टं पांगुळगाड्यात उभं राहून राह्यलं, अन् तुमी त्याचं बोरन्हाण नाई केलं?"

सोजर हात पुशीत बाहेर आली. "बाई बाई! एवढ्या बाप्याचं कोनी बोरन्हाण करते काय? अन् तेही माणसांनी?"

"पयलं बोरन्हाण आहे भाभी, काळं कापड पायजेच," हबीब म्हणाला, आणि त्याने घोंगडी पुंजाजीच्या खांद्यांवर टाकली.

पुंजाजी हसला. हसायला हवं म्हणून हसला, आणि हसताना किसनसिंगच्या डोळ्यांत पाहत राहिला. तिथे त्याला कालचा शब्द दिसला. आवाज चढवून झाकलेला, पण तिथेच. आणि मनात तो म्हणाला, ओत. काय ओतायचं ते ओत. मी बघून घेतो. किसनसिंगने टोपलं उलटं केलं. डोक्यावरून, घोंगडीवरून, पोपटावरून बोरं, उसाचे करवे, ओल्या हरभऱ्याचे घाटे, मुरमुरे, रेवड्या कोसळल्या. पोरं किंचाळून तुटून पडली. त्याच्या पायांत, चाकांच्या मध्ये, घोंगडीखाली सगळीकडे डोकी आणि हात. जमिनीवर बोरांचा सडा झाला होता, तांड्याच्या रानातली ती टणक, वाटोळी, लाल बोरं. घरातल्या चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की चाकांच्या गाड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली बोरं ओतू नयेत.

पुंजाजीने एका पोराला वाट द्यायला गाडा जरासा ढकलला. पुढचं चाक बोरांवर चढलं आणि सुटलं. हातांखालची दांडी एकदम नाहीशी झाली. गाडा टकटकटक करीत एकटाच ओसरीच्या कडेपर्यंत गेला आणि पोपट खांबावर आपटला. डावा पाय घसरला. सगळं अंग उजवीकडे कललं, त्याच मांडीवर, त्याच सळईवर; आणि त्या एका क्षणात त्याला नाल्याचा उतार दिसला, गाय दिसली, तुराटी मोडल्याचा आवाज कानाशी आला. तो आवाज होण्याची तो वाट पाहत राहिला. आवाज झाला नाही. कळ आली, अशी की दात दातांवर घट्ट बसले; पण पाय खाली गेला आणि जमिनीवर टेकला आणि तिथेच राहिला. पुंजाजी आपल्या उजव्या पायावर उभा होता. डोक्यावर मुरमुरे, खांद्यावर घोंगडी, हातात काही नाही.

सोजरने तोंडावर हात धरला होता. हबीब दोन्ही हात पसरून अर्धा वाकला होता. आणि किसनसिंगचा चेहरा पांढरा पडला होता. त्यावर आता थट्टा नव्हती, हसू नव्हतं, आणि झाकायला काही नव्हतं म्हणून ते सगळं उघडं दिसत होतं. ती नुसती कीव नव्हती. त्यात भीती होती, नाल्यापासूनची. हा माणूस, पुंजाजीच्या मनात आलं, तीन महिने त्याच उतारावर उभा आहे. मी तिथून बैलगाडीत निघालो, हा निघालाच नाही. त्याचा संताप कमी झाला नाही, पण त्या संतापाला आता जायला एक वाट दिसली.

"किसन्या," तो म्हणाला, "सायकल खाली घे."

"कोनती?"

"तुह्या आजीची! माही सायकल. आढ्यावरून खाली घे. अन् हबीब, त्या पोपटापासची घंटी काढ. जिथली आहे तिथं लाव."

"पुंज्या, डॉक्टरनं—" किसनसिंग म्हणाला.

"डॉक्टरनं चाकं धरून चालायले सांगितलं. तिले काय चाकं नाईत?"

किसनसिंग स्टुलावर चढला आणि त्याने दोर सोडले. सायकल जमिनीवर आली, टायरात हवा कमी, तरी उभी. हबीबने खाली बसून घंटी कसली, मग सवयीने साखळीवर बोट फिरवलं आणि वर पाहिलं. बोट तेलाने माखलं होतं. साखळी कोरडी नव्हती, कुठे गंजाचा ठिपका नव्हता. पुंजाजीने सोजरकडे पाहिलं. ती पायरीवरची बोरं पदराने बाजूला सारत होती. "गंज चढला असता," ती मान वर न करता म्हणाली, "मंग म्हनले असते बायकोनं ध्यान नाई देल्लं." मग तिने उठून आपला खांदा पुढे केला. त्या खांद्यावर हात ठेवून तो पायऱ्या उतरला, आणि खाली उतरल्यावर त्याने खांदा सोडून हँडल धरलं.

कातडी सीट त्याच्या कमरेला टेकली. तिच्यावर त्याच्याच बसण्याचा खळगा होता. त्याने भार हँडलवर दिला आणि पाऊल टाकलं. सायकल गुमान पुढे सरकली. टकटक नाही, काही नाही. दुसरं पाऊल टाकलं. पाय दुखत होता, आणि दुखू दे, तो त्याचाच पाय होता. आळी संपून दर्ग्याचा रस्ता लागला. ऊन अंगावर आलं, पानठेल्यावरची माणसं वळून बघू लागली, तशी त्याने मान आणखी ताठ केली. मग त्याला मागे काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चार चाकांची सावकाश खसखस येत होती. त्याने वळून पाहिलं. किसनसिंग आणि हबीब दोघेही आपापल्या सायकली हातात धरून, खाली माना घालून, त्याच्या पावलाला पाऊल लावून चालत होते.

"कोन मेलं?" पुंजाजी गरजला.

दोघे थांबले.

"मयतीले चालल्यावानी काहून चालता? मी काय तिरडीवर हाओ? सायकली हातात कायले धरल्या? बसा वर!"

"तू पडशीन बावा," किसनसिंग हळूच म्हणाला.

"पडलो तं उचलजो, एकडाव उचललं होतं तसं. पण हा हळू आवाज मले नोको. काल खिडकीखाली आयकला मी. आयकलं काय? बिचारा म्हनशीन तं तुह्या दोन्ही दंडांत देवी टोचतो, बोथट सुईनं. बस वर!"

किसनसिंगने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, आणि ते भरले आहेत हे त्याने या वेळी झाकलं नाही. मग तो सायकलीवर बसला. हबीब आधीच बसला होता. तो पुंजाजीच्या अगदी हातावरून सायकल घासत गेला आणि ओरडला, "ओ चचा, बाजूले व्हा! रस्ता का तुमच्या सासऱ्याचा हाये?" पुंजाजीने त्याला एक सणसणीत शिवी हाणली आणि त्याच्या छातीतलं काहीतरी मोकळं झालं. किसनसिंग मात्र गप्पच पुढे गेला. पुढच्या कडुनिंबापर्यंत गेला, वळला, आणि उतारावरून पायडल न मारता, टिकटिक वाजवत परत आला. पुंजाजी वाट पाहत उभा राहिला. आता किसनसिंग काय म्हणतो त्यावर सगळं होतं. किसनसिंग त्याच्याभोवती एक फेरी मारून गेला, पायाकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं, आणि मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा गळ्याने म्हणाला, "चाल ना बे, देवीवाल्या! माही आजी मोहाची दारू पिऊन याहून सरळ चालत होती!" पानठेल्यावर हशा पिकला. पुंजाजीने तो आवाज नीट ऐकला, तळापासून वरपर्यंत ऐकला. त्यात सुस्कारा नव्हता.

"हस लेका," तो म्हणाला. "नाल्यापाशी मी पुढं होतो. होळीनंतर त्याच उतारावर पुन्हा दाखवतो."

"गाईले सांगून ठेवतो," किसनसिंग म्हणाला.

कडुनिंबाच्या पुढे रस्ता अरुंद होतो. तिथेच समोरून घुंगरांचा आवाज आला आणि रामरावाची बैलगाडी वळणावरून येऊन मधोमध उभी राहिली. गाडीत सायकल ठेवायला कडब्याची मऊ गादी अंथरली होती आणि तिच्यावर रामरावाचा पोरगा नवी टोपी घालून बसला होता. रामरावाने पाहिलं: भाऊ रस्त्यात उभा, घोंगडी पांघरलेला, केसांत मुरमुरे, हातात सायकल. "पुंजा!" तो म्हणाला, "तू कायले घेऊन आला? मी येतच होतो ना घ्यायले."

पुंजाजीला त्या मऊ कडब्याचं वाईट वाटलं. दादाने प्रेमाने अंथरला होता. पण त्याने या वेळी मान हलवली नाही. त्याने अंगठा घंटीवर ठेवला आणि ती वाजवली, चांगली दोन-तीनदा, बैलांनी कान टवकारेपर्यंत.

"दादा," तो म्हणाला, "बैलं बाजूले घे. सायकल येऊन राह्यली."